कोपऱ्यातल्या खोलीतला भाकरीचा वास

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. एक तर असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आणि दुसरं... यात मी स्वतः चांगला दिसत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, उस्मानपुऱ्याच्या बाजूला, एका विद्यार्थी वसतिगृहाचा मी रेक्टर होतो. शिस्तीच्या नियमांत एक कडक नियम होता – खोलीत शेगडी पेटवायची नाही. पेटवली तर खोली खाली करायची. आणि रोज दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतून बाजरीच्या भाकरीचा वास यायचा. तीळ लावलेली, कडेला जरा करपलेली. मेसमध्ये तर फक्त पोळ्या!

खोली दत्ताची. पोरगा चितेगावचा, अबोल. मी न सांगता झडती घेतली. गादी उलटली, ट्रंक उपसली. राख नाही, रॉकेलचा डाग नाही.

"सर, माझ्याकडं काडीपेटीबी नाय," तो म्हणाला. "वास मलाबी येतो. कुठनं येतो, नाय माहीत."

दारात जमलेल्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं, "सर, सापडली तर चतकोर आमालाबी ठेवा!"

सगळे हसले. मला वाटलं, सगळे मिळून माझी टिंगल करतायत.

मी प्रकरण शिस्त समितीपुढे नेलं. अध्यक्षांनी विचारलं, "नुसत्या वासावर मुलाला काढता येणार नाही. तुम्ही शेगडी पाहिलीत का?"

"पाहिली," मी म्हणालो.

परीक्षा तोंडावर असताना दत्ता ट्रंक उचलून निघाला. फाटकाशी थांबून त्यानं एवढंच विचारलं, "सर, तुमी खरंच पाह्यली?" मी मान फिरवली.

खोलीला मी कुलूप लावलं. चावी माझ्याच खिशात. दुसऱ्या दिवशी दुपारी... तोच वास! शेजारच्या पोरांवर संशय घेतला, तर ती वर्गात होती. कुलूप काढलं. उघडी खाट, बंद खिडकी. आणि वास इतका ताजा, की तोंडाला पाणी सुटलं.

आठवडाभर तेच. शेवटी दत्ताची माफी मागायला चितेगावला गेलो. दुपारच होती. घराच्या दाराशी पोचलो आणि पाय थबकले – तीळ, करपलेली कड... तोच वास.

चुलीपुढे त्याची आई बसली होती. मी वसतिगृहाचा म्हटल्यावर लगबगीनं उठली.

"या सायब, बसा. दत्ता बरा हाय ना? लई दिस झाले, घरी आला नाय."

दत्ता घरी पोचलाच नव्हता.

तिनं तव्यावरची भाकरी उतरवून बाजूला झाकून ठेवली. "पहिली त्याची. तिकडं गेल्यापासनं रोज त्याच्या नावानं काढते. नीट शिकतो ना वो?"

"हो," मी म्हणालो. "चांगला शिकतोय."

आणि दिलेलं पाणी तसंच ठेवून उठलो.

तो वास कसा यायचा, मला आजही सांगता येत नाही. दत्ता पुढं कुठं गेला, तेही कळलं नाही. मी क्रांती चौकातून जाताना अजून त्याच्या वयाच्या माणसांचे चेहरे बघतो. भेटला तर काय बोलायचं, ते पाठ आहे – दत्ता, मी शेगडी पाहिली नव्हती.