दाजींचे मैल

एकदाच विमानात बसून विमानाचे सगळ्यात जास्त मैल जमवलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला साडू. बायकोचे ते दाजी, म्हणून माझेही दाजीच. कळमनुरीत त्यांचं पंप-पाइपांचं दुकान. आपल्या भागातली विहीर कितीही खोल असो, दाजी तिला पंप लावून देत. पण माणसाशी बोलताना त्यांची गाडी दहा मिनिटांत विमानतळावर जाऊन थांबे. जिल्हा नवा झाला त्या सुमाराला पंपवाल्या कंपनीनं चांगल्या डीलरांना हैदराबादहून गोव्याला विमानानं नेलं होतं. दाजी गोवा विसरले. तिथं समुद्र आहे हेसुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. विमानात कुण्या पोरीनं त्यांना एक फॉर्म भरायला दिला आणि पुढं घरपोच एक चकचकीत कार्ड आलं, तेवढं मात्र त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येकाला सांगितलं. जेवढं उडाल तेवढे मैल त्या कार्डावर जमा, आणि पुरेसे जमले की विमानाचं तिकीट फुकट.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला सासुरवाडीत त्यांनी सगळ्या खानदानाची बैठक घेतली. विषय होता, आपण कोणत्या विमान कंपनीचे मेंबर व्हायचं. एका कंपनीची विमानं जास्त, पण तिचे मैल दोन-तीन वर्षांत नासतात. दुसरीचे मैल टिकतात, पण तिची विमानं आपल्या बाजूला फिरकत नाहीत. तिसरी जेवायला चांगलं देते, पण तिचा भरवसा नाही. एका घरात दोन कंपन्या नकोत, सगळ्यांचे मैल एकाच खात्यात पडले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पोरीला स्थळ बघावं तसा त्यांनी तिन्ही कंपन्यांचा गुणदोषांसकट खल केला. कापूस निवडत बसलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण जायचं कुठं हाय?"

कुणालाच कुठं जायचं नव्हतं. दाजी म्हणाले, "जायाचं मागून बघू. आधी मेंबर तर व्हा." आणि आम्ही झालो. मी हिंगोलीतला शाळामास्तर. माझा प्रवास शाळा ते घर आणि उन्हाळ्यात फार तर परभणी. पण माझ्या नावाचंही कार्ड आलं.

विमानात न बसता मैल मिळतात हा शोध लागल्यावर मात्र दाजी कामातून गेले. त्यांनी बँकेचं असं एक कार्ड मिळवलं, की ते वापरून काहीही घेतलं तरी मैल जमा व्हावेत. ते कार्ड घेणारा पेट्रोल पंप तेव्हा थेट नांदेडला. म्हणून दाजी कळमनुरीहून जीप घेऊन नांदेडला पेट्रोल भरायला जात आणि परत येईपर्यंत त्यातलं बरंचसं जाळून टाकत. मी हे त्यांना एकदा दाखवून दिलं. त्यांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी पेट्रोल बघून राहिले. मी मैल बघून राहिलो." कुणाच्या घरी लग्न निघालं की आनंद वधूपित्याच्या आधी दाजींना. बस्ता बांधायला ते न बोलावता हजर, आणि साड्यांचे पैसे त्यांच्या कार्डानं. फ्रीज असो, शिलाई मशीन असो, जवळा बाजार गावातल्या मित्राच्या पोराची मोटरसायकल असो, वस्तू दुसऱ्याची आणि मैल यांचे. आठवडी बाजारात ते विमानाचं कार्ड सदऱ्याच्या खिशात अर्धं बाहेर दिसेल असं ठेवून हिंडत. एकदा पोलिसानं जीप अडवून लायसन मागितलं, तर यांनी तेच कार्ड पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट करून विचारलं, हे कोणत्या खात्याचं? दाजी म्हणाले, हवाई. पोलिसानं जाऊ दिलं. त्या पोलिसाबद्दल माझं मत तेव्हापासून दाजींबद्दलच्या मतासारखंच आहे.

लेकीचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाला पगार विचारला नाही. विमानानं फिरावं लागतं का, ते विचारलं. दिल्लीत नोकरी, महिन्याला दोन खेपा, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. जावयाची विमान कंपनी दुसरी निघाली, तेव्हा साखरपुड्याआधी त्यानं ती सोडावी एवढी एकच अट त्यांनी घातली. हुंड्यापेक्षा बरं, असं म्हणून आम्ही हसून घेतलं.

लेक दिल्लीला गेली आणि दाजींचं खातं फुगत गेलं. पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, कळमनुरीतच. लेकीचं घर बघायचं म्हटलं की दाजी सांगत, आत्ता सीझन आहे, दुप्पट मैल जातात. सीझन सरला की म्हणत, थोडे आणखी जमू द्या. रेल्वेनं जावं, तर मैलवाला माणूस रेल्वेनं गेला तर लोक काय म्हणतील. आक्का ऐकून घ्यायच्या. मी मात्र त्यांच्या माघारी आणि तोंडावरही म्हणत असे, की या माणसाच्या मैलांना पंख नाहीत, नुसती ढेरी आहे.

मग एके दिवशी सकाळी दिल्लीहून फोन आला. लेक दिवस भरायच्या आतच बाळंत झाली होती. लेकरू अगदीच किडकिडीत, काचेच्या पेटीत ठेवलेलं. फोनवर ती फक्त "आई, ये" एवढंच म्हणू शकली. आक्कांनी नवऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं, एस.टी.त बसल्या आणि हिंगोलीला माझ्या दारात आल्या. मी कंपनीला फोन लावला. सगळ्यांच्या मैलांतून तीन तिकिटं निघाली, दुसऱ्याच दिवशीची, हैदराबादहून. तिसरं माझं, संगतीला. दुपारी दाजी जीप घेऊन आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुमी दोघं जा. मी न्हाई येत."

माझा तोल गेला. नातवापेक्षा तुम्हाला मैल जास्त झाले का, असं मी विचारलं, आणखीही बरंच बोललो. शेवटी आक्काच म्हणाल्या, "त्यांना मैलाचं कायबी न्हाई, मास्तर. भ्या वाटते त्यांना. गोव्याहून येताना विमान लई हाललं व्हतं. आठ दिवस तापानं पडले व्हते घरी. कोणाला सांगू नको म्हनले, म्हून न्हाई सांगितलं."

दाजी भिंतीकडं बघत म्हणाले, "जमिनीवर बसून जमा व्हत व्हते, तवर बरं व्हतं." मग आत जाऊन पाणी प्यायले आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

लेकरू वाचलं. आता ते शाळेत जातं आणि आजोबांना पंपाचे भाग विचारून हैराण करतं. पुढं ती विमान कंपनी बंद पडली, उरलेले मैल तिच्याबरोबर गेले, आणि दाजींनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांची थट्टा करायला मला नवे विषय शोधावे लागतात. तसे ते पुरवतात.

पण त्या दिवशी विमानात मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो. विमान धावायला लागलं तसे दाजींनी डोळे गच्च मिटले आणि आक्कांचा हात धरला. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नसेल. आक्का आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. त्या त्यांच्या कानाशी झुकून म्हणाल्या, "तुमी उघडू नका डोळे. मी सांगते ना काय दिसून राहिलंय ते." आणि त्या सांगत राहिल्या. घरं बारीक झाली. एक तळं आहे, ताटलीएवढं. शेतं दिसतात, बांधसुद्धा दिसतात. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा दाजींनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "आता?"

"आता कायबी न्हाई," आक्का म्हणाल्या. "ऊन हाय नुसतं. लई चांगलं हाय."