हॉर्नवरचा हात

गेली सहा वर्षं मी एकाच ड्रायव्हरची गाडी भाड्यानं घेतो. कसबा बावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंत तो प्रत्येक वळणावर दोनदा हॉर्न देतो, रस्ता मोकळा असला तरी. “मोकळा दिसतोय म्हणून मोकळा असतोय व्हय, सर?” असं वर मलाच विचारतो.

यंदा त्याच्याच गाडीतून आम्ही नवरा-बायको कर्नाटकातल्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती आणि पक्षी बघायला गेलो. तिथं हॉर्नला बंदी. मी त्याला तीनदा बजावलं. “ध्यानात हाय की!” तो म्हणाला.

एका वळणावर पंचवीसेक फुटांवर पाच हत्ती उभे होते, त्यांच्या मधे पिल्लू. सवयीनं त्याचा अंगठा हॉर्नवर गेला. दाबणार, इतक्यात त्यानं गाडी बंद केली आणि तो हात मांडीखाली घालून त्यावर बसला.

“वैनी, हलू नगासा,” तो पुटपुटला.

मोठी हत्तीण बॉनेटपर्यंत आली. बायकोची नखं माझ्या दंडात रुतली. झाडीत धनेश पक्षी ओरडला, पण मान वळवायचं धाडस झालं नाही.

सात मिनिटांनी रस्ता रिकामा झाला. मी म्हणालो, “चला आता.”

“सर, हात तेवढा काढा की माझा. मला निघंना.”

मी ओढून काढला. हात गार पडला होता, आणि अंगठा अजून दाबायच्या बेतात वाकलेला होता.