सरांची फोर-ट्रॅक आणि भुकूमचं भजनी मंडळ

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, यात सांगण्यासारखं काय असणार? मलाही तसंच वाटलं होतं. पण एका खोलीत, एकाच माणसासोबत पाऊण वर्ष रविवारचे रविवार काढले, की काम राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमच्या किश्श्यांतली निम्मी माणसं मात्र तोवर वारली होती. त्यामुळे हसता हसता मधेच गप्प व्हायला व्हायचं.

तर २००६ साल. मी परभणीचा, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला. भुकूमला एका रिटायर्ड मास्तरांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. त्यांना सगळं गाव 'सर' म्हणायचं. सरांनी ९८ साली पुण्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर आणला होता. एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचे, मग एकेकाचा आवाज कमी-जास्त करून गाणं जुळवायचं. त्यावर सरांनी पाच वर्षं गावचं भजनी मंडळ रेकॉर्ड केलं. आता मशीनचा पट्टा सैल झाला होता, आणि मंडळही.

"परभणीकर," सर म्हणाले, "हे मरायच्या आत सगळं काढून घे!"

*

पहिला किस्सा माझ्या आधीचा, सरांनीच सांगितलेला.

मंडळातले नामदेवअण्णा गेले. दहाव्याला बापाचं भजन लावायचं म्हणून त्यांच्या मुलाने सरांच्या कपाटातून मूळ कॅसेटच उचलली आणि थेट जीपच्या टेपला घातली. आता फोर-ट्रॅकची कॅसेट साध्या टेपवर निम्म्या स्पीडने वाजते. एका बाजूला दोनच ट्रॅक ऐकू येतात, आणि बाजू पलटली की उरलेले दोन उलटे!

पहिल्या बाजूला नुसतेच टाळ-मृदंग, तेही झोपाळलेले. मुलाने बाजू बदलली. अण्णांचा आवाज त्या बाजूला होता. जड, घोगरा, शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारा!

अण्णांची म्हातारी उठून उभीच राहिली. "बंद कर रं त्ये! काय म्हनत्यात त्ये मला कळंना!"

नंतर सरांनी तिला नीट जुळवलेली कॅसेट नेऊन दिली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली. लावली मात्र कधीच नाही.

*

माझ्या कॉम्प्युटरला एका वेळी दोनच ट्रॅक घेता यायचे. म्हणजे प्रत्येक कॅसेट दोनदा वाजवायची आणि स्क्रीनवर दोन्ही तुकडे जुळवायचे. जुळवायचे कशावरून?

सर म्हणाले, "बापूच्या खोकल्यावरून."

बापू मृदंग वाजवायचे. वाजवायच्या आधी एकदा खोकायचे. तो खोकला चारी माइकमध्ये यायचा. स्क्रीनवर उभी रेघ दिसायची. रेघेवर रेघ ठेवली की भजन आपोआप जुळायचं! मी खूश.

९८ च्या कॅसेटवर एक खोकला. ९९ ला दोन. २००१ च्या कॅसेटवर गाण्याच्या मधे मधे सुद्धा. मी सहज म्हणालो, "सर, हा तर वाढतच गेलाय."

सर म्हणाले, "आम्ही ओरडायचो त्याच्यावर. बापू, तोंड तिकडं कर, रेकॉर्डिंग चाललंय!"

२००२ ला बापू फुप्फुसाच्या आजाराने गेले.

बापूंच्या बायकोला सीडी द्यायची होती. मी विचारलं, "मावशी, खोकला काढता येतो. पण ठेवू का? आठवण म्हणून?"

"काढा," मावशी म्हणाल्या. "त्यो म्या लई ऐकलाय. वाजिवलेलं तेवढं ठिवा."

*

तिसरा किस्सा माझ्या अब्रूचा. चौदा कॅसेटी झाल्या आणि माझी हार्ड डिस्क गेली. पूर्ण! दुकानदार म्हणाला, "बॅकअप असेल ना?"

नव्हता.

सरांना सांगायला खाली गेलो. सर तांदूळ निवडत होते. ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची कंपनी काय करते रे?"

"अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा डेटा सांभाळते."

सरांनी एक खडा बाजूला टाकला. "परमेश्वर त्या पेशंटांना सुखी ठेवो!"

पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या कॅसेटपासून. त्यातल्या दोन दुसऱ्यांदा वाजल्याच नाहीत.

*

सोपान आणि मारुती हे सख्खे भाऊ. मंडळात थोरला ओळ म्हणायचा, धाकटा तीच झेलायचा. पुढे वरचं रान बंगल्यांच्या स्कीमला गेलं, त्यावरून दोघांचं फाटलं. घराच्या मधोमध भिंत आली, बोलणं बंद.

एका रविवारी सोपानदादा आले. "सर, माजी शीडी करा. फकस्त माजा आवाज. दुसरं कुनी नको!"

त्याच्या पुढच्या रविवारी मारुतीदादा. मागणी तीच!

ट्रॅक वेगळे असल्याने ते जमण्यासारखं होतं. एका सीडीत ओळ आणि मग शांतता. दुसरीत शांतता आणि मग ओळ. सर दोघांना म्हणाले, "अरे, दोन्ही एकाच वेळी लावल्या तर भजन पुरं होईल!"

थोरला सकाळी लावायचा. धाकटा संध्याकाळी. दोन्ही चुकूनही एका वेळी लागू नयेत, इतका दोघांचा नेम कडक!

*

एका कॅसेटवर नुसतं 'घरचं' असं लिहिलं होतं. पहिल्या फेरीत सरांची पेटी आणि टाळ घेतले. दुसऱ्या फेरीला आवाज घ्यायचा होता.

"कुणाचा आहे?" मी विचारलं.

"लाव तर."

लावलं, आणि लाईट गेली. तेव्हा लोडशेडिंग होतंच. पाच मिनिटांत परत आली, पण माझ्याकडून प्लेचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. मशीनने हिसका दिला आणि टेप खाल्ली! चाकाभोवती चुरगळलेल्या पट्टीचा गोळा.

सरांनी ती कात्रीने सोडवली, चिकटवली, पेन्सिलीने गुंडाळली. तास गेला. परत लावली तेव्हा बाईमाणसाचा आवाज आला, "सुरू करू का?" आणि पुढे खरखर. शेवटपर्यंत खरखर.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन तीन वर्षं झाली होती.

सर म्हणाले, "तेवढं सेव्ह कर." मी फाईलला नाव काय देऊ विचारलं.

"तिनंच सांगितलंय की," सर म्हणाले. "'सुरू करू का' असं दे."

*

आणि शेवटचा किस्सा किसनबुवांचा.

चौथा ट्रॅक किसनबुवांचा होता, आणि सरांनी पाचही वर्षं तो पूर्ण बंद ठेवला होता! बुवा माळावरून चालत यायचे, डोळे मिटून तास तास म्हणायचे, पण सुराचा पत्ता नाही. सांगायची हिंमत सरांना झाली नाही. कॅसेटी वाटल्या गेल्या. बुवा घरोघरी त्या लावून दाखवायचे, "ह्यो वरचा सूर माजा बरं का!" तो भलत्याच कुणाचा असायचा.

सर म्हणाले, "परभणीकर, हे मनात घेऊन मला मरायचं नाही."

बुवांना बोलावलं. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आले. सरांनी स्वतः त्यांच्या डोक्याला हेडफोन लावला आणि मला खूण केली. मी बाकीचे तीन ट्रॅक बंद करून फक्त चौथा उघडला.

बुवा अख्खं भजन ऐकत होते. गुडघ्यावर बोटाने ठेका चालू. सर समोर उभेच, शिक्षा व्हायची असलेल्या पोरासारखे.

भजन संपलं. बुवांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"सर, कोन म्हनायचा वो ह्यो?"

सर हेडफोनची वायर गुंडाळू लागले.

"म्हनतोय मनापास्नं," बुवा म्हणाले. "पन सूर न्हाई बिचाऱ्याला. ह्याला बंदच ठिवा. मंडळाचं नाव जाईल."

काठी घेऊन ते उठले. दारात चपला घालताना थांबले.

"शीडीवर माजं नाव हाय न्हवं?"

"आहे, बुवा."

"मग झालं," म्हणाले, आणि माळाच्या वाटेला लागले.