इतिहास मी वाचून दाखवला

मुलीच्या दहावीच्या वर्षी आमच्या खोलीचं दार दिवसाउजेडी बंद व्हायला लागलं, तेव्हा सगळ्या मजल्याला वाटलं की आमच्याकडे काहीतरी झालंय. चाळीत दिवसा दार कोणी लावत नाही. लावलं म्हणजे भांडण, नाहीतर आजारपण. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या वहिनींनी कडी वाजवली.

"काय झाला गो? दार कित्याक लावलंस?"

"काही नाही. अभ्यास चाललाय."

"अभ्यास पोरीचो. दाराक काय झाला?"

पोरीचा अभ्यास मी मोठ्याने वाचत होते आणि माझं वाचणं कोणाच्या कानावर पडू नये म्हणून दार लावलं होतं, हे त्यांना कसं सांगणार? मी नुसती हसले आणि पुन्हा दार लोटलं.

माझं शिक्षण चौथी. गावात शाळा तेवढीच होती. पाचवीची शाळा खाडीपलीकडे, आणि मुलीला रोज तरीच्या होडीतून पाठवायचं नाही असं घरात ठरलं. लग्न होऊन लालबागला आले. त्यानंतर वाचलं ते दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि औषधांच्या बाटल्यांवरचं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. हळदीकुंकवाला नाव घ्यायची पाळी आली की मी चहा बघायला आत जाते. बायकांना ते माहीत आहे, त्या आता आग्रह करत नाहीत.

मुलीचे डोळे नववीत गेले. गेले म्हणजे पूर्ण नाही. आधी फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तक नाकाला लावायला लागली. चष्मा केला, बदलला, पुन्हा बदलला. शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजतोय. कडेचं दिसत राहील, जिना दिसेल, रस्ता दिसेल. पण जिथे नजर लावेल तिथेच काळं. अक्षर दिसणार नाही, माणसाचं तोंड दिसणार नाही. औषध नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाशेजारी, भिंतीकडे बघायला लागली. मला वाटलं रागावली असेल. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आई, सरळ बघितलं तर तू दिसत नाहीस. बाजूला बघितलं की थोडी दिसतेस." मी उठून भात चढवला.

शाळेने सांगितलं की तिला परीक्षेला लेखनिक मिळेल. ही उत्तर सांगणार आणि खालच्या वर्गातली एक मुलगी ते लिहिणार. मुली तिला रायटर म्हणतात. पण रायटर मिळाली तरी आधी डोक्यात काहीतरी असायला हवं. ठिपक्यांची लिपी हिला येत नव्हती, ती शिकायला वेळ कुठे होता? भाषा वर्गात ऐकून जमत होत्या. विज्ञान एक मैत्रीण समजावून द्यायची. इतिहासाचं मात्र अडलं. मोबाइलवर इतिहास शिकवणारे पुष्कळ होते, पण ते धावत सुटायचे, आणि पुस्तकात काय लिहिलंय ते सोडून बाकी सगळं सांगायचे. "मला पुस्तकातलीच वाक्यं पाहिजेत," ती म्हणाली. "तू वाच ना."

ह्यांचे मोठे भाऊ गावाहून फोन करून सांगायचे की पोरीचे हाल कशाला करताय, गावी पाठवा, चार माणसांत राहील. हे कुरिअरच्या गोदामातून दमून आलेले असत. "दहावी होऊ दे," एवढंच म्हणत. "पास झाली की बघू." तिला कॉलेजला जायचं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलंच नाही. मला एवढंच कळत होतं की पास झाली तर ती उंबरा ओलांडेल आणि नाही झाली तर तिची पाचवीची शाळाही खाडीपलीकडेच राहील.

म्हणून मी वाचायला लागले. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द. एक पान व्हायला कुकरच्या शिट्ट्या होऊन भात निवायचा. मध्येच अडले की मागे जाऊन वाक्य पुन्हा धरायचे. ती कधी कंटाळली नाही. उलट म्हणायची, "तू थांबतेस तेवढ्यात माझं पाठ होतं." एका धड्यात असं आलं की लिहिलेलाच इतिहास असतो असं नाही, लोकांनी एकमेकांना तोंडाने सांगितलेलाही इतिहासच असतो. मी थबकले.

"म्हणजे आम्ही सांगतो ते पण?"

"हो. पुढे वाच."

"तरीतून पाठवलं नाही, ते पण?"

"आई, ते पेपरला नाही येणार."

पण पहिला धडा मला भारी गेला. सगळा परदेशातल्या विद्वानांचा. जोडाक्षरावर जोडाक्षर, त्यावर रफार, त्याखाली आणखी काहीतरी. एकेका नावाशी मी घामाघूम व्हायचे. बाहेर वहिनी पापड वाळत घालत असायच्या. त्यांना माझी धडपड ऐकू जाईल या धास्तीने मी नाव आलं की गाळायचे आणि त्या जागी 'एक माणूस' म्हणून पुढे जायचे. मला वाटायचं, माणसाने काय केलं ते महत्त्वाचं.

रायटर मिळाली ती मागच्या चाळीतली, नववीतली. हुशार आणि तोंडाळ. एका रविवारी दोघी सरावाला बसल्या. मुलगी सांगत होती, ती लिहीत होती.

"फ्रान्समधल्या एका माणसाने सांगितले की नुसत्या राजांचा आणि लढायांचा इतिहास लिहू नये. जर्मनीतल्या एका माणसाने..."

"ताई, कोण माणूस?"

"एक माणूस."

"अगं पण नाव? नावालाच तर मार्क असतात."

मुलीने फडताळाकडे तोंड केलं. फडताळाशेजारी मी बसले होते.

"आई, नाव होतं तिथे?"

"मोठं होतं," मी म्हटलं.

रायटरने पुस्तक ओढून घेतलं आणि तिला हसू आवरेना. "काकी, तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजलंत. आख्ख्या धड्यात एक माणूस, दुसरा एक माणूस, आणखी एक माणूस." मुलगीही हसली. "मला वाटलं पुस्तकातच तसं आहे," म्हणाली, "मी म्हटलं, काय हे पुस्तक, कोणाचा पत्ताच नाही." दोघी गडबडा लोळल्या. त्या वर्षात ती तेवढी एकदाच हसलेली मला आठवते. मी मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

मग रायटरने मला एकेक नाव फोडून सांगितलं आणि मी तिच्यामागून म्हटलं. लहान मुलीकडून शिकायला लाज वाटली, पण तेव्हा लाजेला वेळ नव्हता.

मी मसाल्याच्या गल्लीत एका दुकानात मिरच्या निवडते. ढिगाभोवती आम्ही बायका गोल बसतो, देठं काढतो, नरम पडलेली मिरची बाजूला टाकतो. फेब्रुवारी सरत आला की बेडगी आणि काश्मिरीच्या गोणी येऊन पडतात आणि मे संपेपर्यंत मान वर करायला मिळत नाही. त्या वर्षी मी देठं काढता काढता ती नावं पुटपुटायचे.

"काय गो, कोणाक शाप देतंस?" समोरच्या बाईने विचारलं.

"फ्रान्सच्या माणसाला," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. चार बायकांत मी काही बोलावं आणि त्यांनी हसावं, असं आधी कधी झालं नव्हतं. मलाच नवल वाटलं.

मार्च लागला तसे मसाला कुटायचे विजेवरचे डंख दिवसभर चालायला लागले. मिरचीचा खकाणा नाकातोंडात जातो. रुमाल बांधला तरी जातोच. दर वर्षी माझा घसा बसतो, त्या वर्षी मात्र तो जरा लवकर बसला. दिवसभर ढिगापाशी आणि संध्याकाळी वाचन, त्याने आणखी चिरला. आधी खरखर, मग नुसता वारा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. इतिहासाचा पेपर शेवटी होता. तो जवळ आला तेव्हा माझ्या तोंडून वाक्य निघेना. पुस्तक मांडीवर घेऊन मी बसले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

ती म्हणाली, "असू दे. मी म्हणते, तू बघ."

तिने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. मी ओळीवरून बोट फिरवत होते. मान हलवून तिला कळलं नसतं, म्हणून बरोबर असलं की मी तिच्या गुडघ्यावर थोपटायचे. सगळं बरोबर होतं. नावंसुद्धा. पण जिथे जिथे मी अडखळले होते तिथे तीही थोडी थांबत होती. दूध उतू जाईल म्हणून मी एकदा वाक्य अर्ध्यात सोडून उठले होते, त्या जागी तिने श्वास घेतला. मी थोपटत राहिले. बाहेर वहिनी येऊन उभ्या होत्या. त्या दिवशी दार लावायचं राहून गेलं होतं.

पेपर भोईवाड्याकडच्या एका शाळेत होता. मी फाटकाबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बाकीच्या मुली सुटल्या तरी या दोघी आल्या नाहीत, यांना वेळ जास्त होता. शेवटी आल्या. कसा गेला, असं मी विचारलं, पण आवाज नव्हता आणि ओठ तिला दिसत नव्हते. रायटर म्हणाली, "ताई, काकी विचारतायत कसा गेला."

"सगळ्यांची नावं सांगितली," ती म्हणाली.

"माझा हात तुटला," रायटर म्हणाली. "काकी, ही श्वास घेते तेवढ्यातच लिहायला मिळतं."

निकालाला अवकाश होता. सुट्टीत घरात एकटी बसून काय करू, म्हणून ती माझ्याबरोबर दुकानावर यायला लागली. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. देठ काढायला डोळे लागत नाहीत. बोटाला देठ लागतो, नखाने मोडतो. नरम मिरची हाताला कळते. थोड्याच दिवसांत तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायला लागला. एकदा शेठ मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे हां. बसू दे तिला." बायका म्हणाल्या, "बघ, पोर तुला मागे टाकते." मी हसले, पण शेठचं 'बसू दे तिला' मला इस्पितळातल्या 'औषध नाही'सारखं ऐकू आलं.

ती पास झाली. इतिहासात तिला बाकी सगळ्या विषयांपेक्षा जास्त गुण होते. ह्यांनी मजल्यावर पेढे वाटले. वहिनींनी तिच्या तोंडात पेढा घालून म्हटलं, "आयशीन दार लावून शिकवल्यान हां तुका." मग अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, दुसऱ्यांच्या घरात. आमच्याकडे हे म्हणाले की कॉलेज दादरला, रोज नेणार कोण आणणार कोण? तिथली पुस्तकं वाचणार कोण? आणि तुझा आवाज बघ. माझा आवाज सुट्टीनंतरही पुरता भरून आला नव्हता. अजूनही आलेला नाही. "यंदा राहू दे," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

ती भांडली असती तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते, असं मला वाटतं. ती भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "उद्या दुकानावर किती वाजता जायचं?"

आता पुन्हा मिरची आली आहे. ती ढिगापाशी माझ्या डाव्या हाताला बसते. यंदा त्या रायटरची दहावी आहे. ती शाळेतून सुटली की दप्तर घेऊन तशीच दुकानावर येते, खोकत खोकत गोणीवर बसते आणि पुस्तक उघडते.

"ताई, दुसरा धडा. सुरू कर."

मुलगी देठं काढत धडा म्हणते. नावं न अडखळता. बाकी थांबायच्या जागा माझ्याच. बायका ऐकतात. एकीला सगळे विद्वान आता ओळखीचे झाले आहेत. आज कोणाची पाळी, असं ती विचारते.

परवा धडा संपला आणि रायटरने पुस्तक मिटलं. जाता जाता सहज म्हणाली, "ताई, माझ्यापेक्षा तुला जास्त येतं. तू का नाही गेलीस गं कॉलेजला?"

डंख चालूच होता. मुलीचे हात थांबले. तिने मान उचलली आणि ती माझ्या शेजारच्या रिकाम्या गोणीकडे बघत राहिली.

म्हणजे माझ्याकडेच बघत होती.