माझी मिश्री आणि तिची गोळी

माझ्या तोंडात आता तीन दात उरलेत आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नाही. तरी सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि दिवेलागणीला मला मिश्री लागतेच. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर फिरवली की मग मी माणसात येते. त्याआधी माझ्याशी कुणी बोलू नये, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

हे आधी सांगितलं, कारण आता जी बाई येणार आहे तीही अशीच मिश्री लावायची आणि तरी स्वतःला निर्व्यसनी समजायची. ती बाई म्हणजे पन्नाशीतली मी. अंगानं धडधाकट, आवाजानं खणखणीत आणि डोक्यानं रिकामी.

वीसेक वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या नातीच्या मांडीच्या हाडात कॅन्सर निघाला. तिचं वय दहा. मुलगा उद्यमनगरात लेथवर कामाला, सून घरी. मोठ्या दवाखान्यातले सगळे उपचार झाले, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता हिला घरीच ठेवा. आजार बरा होणार नाही, पण दुखणं आपल्याला थांबवता येईल. गोळ्या दिल्या. घड्याळ बघून द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही, असं सुनेला बजावलं. अधूनमधून एक सिस्टर घरी येऊन बघून जायची.

सून सांगितल्याप्रमाणं देत होती. पोरगी पुढच्या खोलीत कॉटवर बसून पत्ते खेळायची, भेटायला येणाऱ्यांना भिकार-सावकारात हरवून पाठवायची. एवढं नीट चाललेलं मला कसं बघवणार?

एक दिवस कागलकडचे पावणे आले. शहाळं कोपऱ्यात ठेवलं, गोळ्यांचं पाकीट डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाले, "अफूची जात हाय ही. एकदा सवय लागली की सुटत न्हाय." चहा पिऊन ते गेले, त्यांचं वाक्य मी ठेवून घेतलं. खरं तर आमच्या आईनं शेतात जाताना मला अफूचं बोट चाटवूनच पाटीत झोपवलं होतं, आणि मी काही गटारात लोळत नव्हते. पण तेवढा विचार करायला डोकं लागतं.

गोळ्या मी कपाटात घातल्या आणि किल्ली कमरेला खोचली. सुनेनं मागितल्या की मी म्हणायचे, जरा कळ काढू दे की, लगीच काय. सवय लागली तर उद्या हिला कोण पदरात घेईल, असंही म्हणाले. डॉक्टरांनी जिला उद्या नाही म्हणून सांगितलं होतं, तिच्या लग्नाची मला काळजी.

"आत्ती, किल्ली द्या," सून एवढंच म्हणाली.

दिली नाही. मुलगा कामावरनं येऊन खाली मान घालून जेवायचा. आईपुढं बोलायचं वळण मीच त्याला लावलं नव्हतं.

पत्ते बंद झाले. पोरगी उशीचा कोपरा दातात धरून पडून राहायची, आणि मी गल्लीतल्या बायकांना अभिमानानं सांगायचे, नात माझी लई सोशिक.

एका दुपारी जेवून तिच्या उशाशी मिश्री लावत बसले होते. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आज्जे, उद्या दिवसभर तू मिश्री लावू नगंस. मीबी गोळी मागणार न्हाय. बघू कोण जिंकतंय."

मी हसून पैज घेतली. दहा वर्षांच्या आजारी पोरीला हरवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झालं नाही. चहा मातीसारखा लागला. दूधवाल्याशी भांडले, मग सुनेशी, मग भांड्यांशी. जेवणापर्यंत कपाळ ठणकायला लागलं. पोरगी कॉटवर ओठ चावून पडलेली, घामानं भिजलेली, पण डोळे माझ्यावर. शेवटी मी मोरीत गेले, दार लोटलं आणि मिश्री लावली. चूळ भरून, तोंड पुसून, गरीब गायीसारखी बाहेर आले.

"दात दाव," ती म्हणाली.

मी ओठ मिटून उभी. ती हसली. हसताना पाय हलला आणि ती कळवळली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "आसू दे गं. डोकं दुखत हुतं न्हवं तुझं? मग लावायचीच."

तिनं मला चिडवलं असतं तर मी तिच्याशीही भांडले असते. कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातात दिली.

त्यानंतर पोरगी जेमतेम महिनाभर राहिली. पत्ते परत निघाले. तिनं मला रोज हरवलं आणि पैजेचं कुणाला सांगितलं नाही. गेली तेव्हा झोपेत होती. तेराव्याला ते पावणे आले, सवयीविषयी चकार शब्द न काढता पोटभर जेवून गेले. त्यांना द्यायला मी चांगल्या निवडक शिव्या काढून ठेवल्या होत्या. पण किल्ली काही त्यांच्या कमरेला नव्हती.

सून त्या दिवसांबद्दल मला आजवर काही बोललेली नाही. बाजाराला गेली की न सांगता माझ्या मिश्रीची पुडी आणते. सकाळी, जेवणानंतर, दिवेलागणीला डबी पुढ्यात आणून ठेवते. घड्याळ बघून. मला मागावं लागत नाही.

शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई, सून किती करती तुझं. मी मान हलवते आणि डबी उघडते.