नसलेला जोड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आमच्या पाळकांजवळ नाही, बहिणीजवळ नाही. माझे यजमान असते तर त्यांना कदाचित सांगितलं असतं — पण ते असते तर हे घडलंच नसतं. बघा, सुरुवातीलाच सबब शोधायला लागले.

मी निगडीला प्राधिकरणात राहते. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले, आणि चर्चचा क्वायर मात्र अजून चालवते. आमचा सराव गुरुवारी असतो. रविवारी नाही का, असं बाहेरचे विचारतात. अहो, आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी! मग गाणं तरी दुसऱ्या कुठल्या दिवशी जमणार?

अर्चना अशाच एका गुरुवारी आली. लातूरकडची, मोशीला भावाकडे राहणारी, चाकणच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामावर. आमच्या चर्चची ती नव्हे. शेजारच्या मैत्रिणीबरोबर सहज आली आणि मागच्या बाकावर बसून आमच्याबरोबर गुणगुणायला लागली. मी पेटी वाजवायची थांबले. माझा स्वभाव कौतुकाचा नाही, पोरी मला टरकून असतात. पण त्या दिवशी मी उठून मागे गेले आणि तिला हाताला धरून पुढे आणलं.

मग ती दर गुरुवारी यायला लागली. सरावानंतर माझ्या घरी जेवायची. रात्रपाळी करून आली असेल तर सोफ्यावर तशीच झोपून जायची आणि मी पंखा कमी करून स्वयंपाकघरात हळू भांडी घासायचे. येताना ती शेंगदाण्याची चटणी आणायची — इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी. मला मूलबाळ नाही. मला ती आवडायची, एवढं साधं आहे ते. बाकी सहा दिवस मी गुरुवारची वाट बघण्यात घालवायचे.

तिला मी जुनं गाणं शिकवलं. बरोक म्हणतात त्याला — तीनेकशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या चर्चमधलं. लॅटिन शब्द तिने देवनागरीत लिहून घेतले. त्यात एका स्तोत्रात एकाच शब्दावर सुरांची लांबच लांब लड आहे, जिन्यासारखी वर जाणारी. ती एका श्वासात म्हणायची असते. माझ्या उमेदीतही मला ती कधी पुरी झाली नाही. अर्चनाला झाली, वर्षभराच्या मेहनतीनंतर. त्या दिवशी आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या हसत बसलो होतो.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते, आणि जीभ अडखळते.

काही चर्चनी मिळून एक स्पर्धा ठेवली. याच जुन्या भक्तिगीतांची. गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं, सलग एकदाच गायलेलं, तुकडे जोडलेले चालणार नाहीत. पहिल्या येणाऱ्याला गोव्याच्या एका संगीतशाळेत दोन वर्षं शिकायला मिळणार, राहण्या-जेवणासकट. परीक्षक तिघं, त्यांतली एक मी. आमची नावं गुप्त आणि गाणाऱ्यांचीही. आम्हाला फक्त क्रमांक यायचे.

एका सकाळी चहा घेता घेता मी कानाला हेडफोन लावला आणि अर्चना गायला लागली.

मला न सांगता तिने पाठवलं होतं. निवड झाली की मला चकित करायचं असणार, दुसरं काय? मी परीक्षक आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. खरं तर त्याच क्षणी फोन करून सांगायला हवं होतं की ही माझी विद्यार्थिनी आहे, मला हिच्यापुरतं बाजूला ठेवा. मी ऐकत राहिले. ती लड आली. एका श्वासात गेली, वरपर्यंत, आणि वर पोचल्यावर तिने तो शेवटचा सूर असा अलगद ठेवला की माझा चहा गार झाला. मी रडले. अभिमानाने रडले, हेही खरं.

आणि मग मला गोवा दिसलं. दोन वर्षं. त्यानंतर ती कशाला परत येईल मोशीला? माझे गुरुवार?

बाकीच्या दोघांनी तिलाच पहिलं ठेवल्याचं संयोजकांकडून कळलं होतं. मी संयोजकांना फोन केला आणि म्हणाले, या रेकॉर्डिंगमध्ये जोड आहे. त्या लांब लडीच्या मधोमध. दोनदा गाऊन तुकडे चिकटवलेत, एवढा श्वास कुणाला पुरतो का? ते बिचारे म्हणाले, आम्हाला तर काही कळलं नाही, पण तुमचा कान म्हणजे शेवटचा शब्द. माझ्या कानाची ख्याती आहे हो. तिचा मी असा उपयोग केला. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

अर्चनाला त्यांनी कळवलं की लांब लडीच्या मधोमध जोड आढळल्यामुळे प्रवेशिका बाद. पुढच्या गुरुवारी ती आली, जेवली, आणि मग मला सगळं सांगितलं. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, हिला कळलंय. मी तिच्या चिडण्याची वाट बघत होते. तिने जोड दिलेला नव्हता, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती चिडली असती, भांडायला निघाली असती, तर मी — कोण जाणे काय केलं असतं.

पण ती माल तपासणारी मुलगी. तिच्या टेबलावर रोज माल येतो, सांध्याची रेघ दिसली की ती तो बाजूला काढते, आणि माल काही बोलत नाही.

"मावशी, तपासणाऱ्याला जोड दिसला म्हंजे कायतरी आसंलच की," ती म्हणाली. "आमी बी उगं माल परत धाडत नसतो. माझाच आवाज तिथं तुटायला आसंल. मला ऐकू येईना, एवढंच."

मी तिच्या पानात भात वाढला. तेवढंच केलं.

ती गेली नाही. कुठेच गेली नाही. संयोजकांचा नंबर माझ्याकडे अजून आहे, त्या संगीतशाळेत दरवर्षी मुलं घेतात, आणि अर्चनाचं वय आता त्यांच्या अटीत बसत नाही. ते बसत होतं तोवर फोन करून खरं सांगायला मला रोज एक सकाळ मिळत होती. माझे गुडघे दुखतात तर ती तेल चोळून देते. तुम्हाला आई म्हणावंसं वाटतं, असं एकदा म्हणाली. म्हण की, असं मी म्हटलं. होय, म्हटलं.

आता लहान मुलींना तीच शिकवते, मी फक्त पेटी वाजवते. ते स्तोत्रही शिकवते. ती लड मधोमध आली की हात वर करते आणि मुलींना सांगते, इथं थांबा, इथं श्वास घ्या, न घेता गेलं तर जोड दिसतो. सगळ्याजणी तिथे ती लड मोडतात. आणि त्यांचा श्वास घेऊन होईपर्यंत मीही पेटीवरचा हात थांबवते.