आटे पाडणाऱ्या सुमतीमावशी

सुहासचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी सियालदह स्टेशनच्या बाहेर टॅक्सी शोधत होते. "माधुरीताई, आई गेली. सकाळी उठलीच नाही. शेजाऱ्यांनी आत्ता कळवलं. मी निघतोय, पण तुम्ही आधी पोचाल..." मी पोचले. सुमतीमावशी भवानीपूरच्या आपल्या घरात, आपल्याच पलंगावर होत्या. त्यांना नेमकं हेच हवं होतं, आणि त्यासाठी त्या पोटच्या मुलाशी दोन वर्षं भांडल्या होत्या. आता महिना होऊन गेला. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की रडू यायच्या आधी हसू येतं. मावशींना ते चाललं असतं.

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली, त्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खंडेनवमीला त्या मला पहिल्यांदा दिसल्या. बाकीच्यांनी पूजेत पेनं, लॅपटॉप, एकीने तर मिक्सर मांडला होता. या बाईंनी पिशवीतून हातोडी, कानशी आणि ड्रिल मशीन काढून त्यांना हळदकुंकू लावलं. "बंगाल्यांच्या विश्वकर्मा पूजेला झाली ना यांची पूजा?" कुणीतरी चिडवलं. "झाली की. माझा जन्म इथला आणि आडनाव कोकणातलं, म्हणून माझ्या हत्यारांना वर्षात दोन सुट्ट्या." खिदिरपूरला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सुट्या भागांचे नकाशे काढले. आपण कागदावर काढतो ते भोक प्रत्यक्षात पडतं कसं, हे बघायला त्या खाली फिटर लोकांत जायच्या, आणि मग स्वतःच पाडायला लागल्या. गल्लीत त्यांचं नाव 'मिस्त्री मासिमा', म्हणजे मिस्त्री मावशी, पडलं होतं. ते त्या पदवीसारखं मिरवायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. ज्यांच्या घरी स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या कपाटात असतो अशा सगळ्या बायकांनी यावं, एवढीच अट. मी गेले ती कुतूहलापोटी आणि थोडी एकटेपणापोटी. पहिला महिना त्यांनी आम्हाला नुसती कानस चालवायला लावली. मग खुणेवर पंच मारून खळगा करायचा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग भोक, आणि शेवटी आटे, म्हणजे स्क्रू फिरून बसावा म्हणून भोकाच्या आत कोरायच्या चकऱ्या. आटे पाडायचा टॅप, म्हणजे स्क्रूसारखंच दिसणारं धारदार हत्यार, त्या अशा हातात घ्यायच्या की बघत राहावं. तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, परत पुढे. मागे फिरवलं की आतला लोखंडाचा कीस तुटतो, नाहीतर टॅप अडकून मोडतो. "जोर लावू नकोस गं, लोखंडाशी कसलं भांडण? ते सांगतंय तेवढंच पुढे जा." लोखंडाशी न भांडणारी ही बाई माणसांशी मात्र यथेच्छ भांडायची.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. त्यातच एकदा त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड वाचलं, पण सुहास घाबरला. "आई, आता पुरे. पुण्याला चल." मावशी म्हणाल्या, न्हाणीघरात धरायला पक्का दांडा बसवते, तो बघ आणि मग बोल. तो पंधरवड्याने येणार होता. दांडा हलला तर मावशींनी मुकाट्याने त्याच्याबरोबर जायचं, असं ठरलं. सामान बांधायचं म्हणजे आपण संपलो, हे त्यांनी मला एकदाच, भलत्याच हळू आवाजात सांगितलं.

स्वतःच्या हाताने आता टॅप सरळ धरता येत नव्हता. म्हणून काम आम्ही करायचं आणि त्यांनी शेजारी बसून ओरडायचं. भिंतीत पक्क्या बसवायच्या दोन जाड लोखंडी पट्ट्या, त्यांना आटे पाडायचे आणि दांडा वरून स्क्रूने आवळायचा. सुहास यायच्या आदल्या दिवशी मी घोळ घातला. आठ मिलीमीटरचा स्क्रू, म्हणून आठ मिलीमीटरचंच भोक पाडून मोकळी झाले. टॅप कुठेच न अडकता आरपार गेला. "वा! आटे आता हवेत पाडणार का?" मावशी म्हणाल्या. "स्क्रूपेक्षा भोक लहान, म्हणजे कडेला आटे पाडायला लोखंड उरतं. किती वेळा सांगितलं?" मला रडू फुटायचं बाकी होतं. त्यांचं घर माझ्या मूर्खपणाने जाणार होतं. त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं, चुकलेल्या भोकापासून दोन बोटं सोडून नवी खूण करायला लावली आणि माझ्या मनगटावर आपला थरथरता हात ठेवला. "घाई नाही. पुढे... आता मागे."

दुसऱ्या दिवशी सुहास दांड्याला अक्षरशः लोंबकळला. दांडा तसूभर हलला नाही. "हे जास्तीचं भोक कशाला?" त्याने विचारलं. "ते माधुरीचं आहे," मावशी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी पुण्याच्या नातवंडांसाठी डब्यात संदेश मिठाई भरायला घेतली. त्या राहिल्या. शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

गेल्या रविवारी सुहास घर आवरायला आला होता. हत्यारं त्याने आम्हालाच दिली. दांडा मात्र त्याला पुण्याला न्यायचा होता, म्हणून तो काढायला मी गेले. ओलीत इतके दिवस राहिलेले स्क्रू, गंजून बसले असणार म्हणून मी मोठा पाना नेला होता. पण जरा सैल केल्यावर सगळे स्क्रू बोटांनी फिरत बाहेर आले. एकावरही गंज नव्हता, आट्यांत ताजं ग्रीस होतं. "कुणी लावलं?" सुहासने विचारलं. आमच्यापैकी कुणीच लावलं नव्हतं. ज्या हाताने कप धरवत नव्हता त्या हाताने मावशी एकेक स्क्रू काढत, पुसत, ग्रीस लावून पुन्हा बसवत होत्या, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुहास न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला. "आई हट्टी आहे, असंच मी सगळ्यांना सांगत फिरलो," तो म्हणाला. मग त्याने एक स्क्रू उचलला आणि रुमालाने ग्रीस पुसायला लागला.

"पुसू नकोस," मी म्हणाले. "ते मावशींनी लावलंय."